पोलिसी खाक्या

‘पोलिसी खाक्या दाखविताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.’ वर्तमानपत्रातले हे वाक्य आपण सर्वांनीच अनेकदा वाचले असेल. वाचून कोणाला धक्का बसत नाही. उलट ‘बरे झाले, चोर सापडला’ असेच आपण म्हणतो. पण खाक्या म्हणजे काय? कोठडीतल्या, पळून जाऊ न शकणाऱ्या माणसाला सरकारी पगार घेणाऱ्याने मारले, एवढाच त्याचा सरळ अर्थ. कबुलीसाठी मारणे हाही गुन्हाच आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे.

गंमत अशी की, त्या कबुलीला न्यायालयात किंमत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमानुसार पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नसे. हा नियम इंग्रजांनी केला, तो काही आपल्यावरील प्रेमाने नव्हे. मद्रास इलाख्यातील छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १८५५ सालीच आला होता. आपले शिपाई काय करतात हे त्यांना पक्के ठाऊक होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, तरी त्याच्या २३ व्या कलमात हा नियम कायम आहे. (मोक्कासारख्या खास कायद्यात मात्र वरिष्ठ अधिकाऱ्यापुढची कबुली चालते.)

मग मारायचे कशाला? खरी मेख अपवादात आहे. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या सांगण्याचा तेवढा भाग पुराव्यात घेता येतो. गंजीतून कोयता काढून दिला, विहिरीतून दागिना काढून दिला. पंचनामा झाला, पंचांच्या सह्या झाल्या. ते शब्द तोंडातून कसे काढले, हे पंचनाम्यात नसते. आमच्या गावाकडचा पंच तर कागद न वाचताच अंगठा उठवितो. त्याला वाचून दाखवितो कोण?

यावर सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी डी. के. बसू खटल्यात काही नियम घालून दिले. अटकेचा कागद जागेवरच करायचा, त्यावर घरच्या किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष घ्यायची. नातेवाइकाला कळवायचे. आरोपीने मागणी केल्यास अंगावरच्या जखमा तेव्हाच नोंदवायच्या आणि दर ४८ तासांनी डॉक्टरकडून तपासणी करायची. २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करायचे, हे तर घटनेच्या २२ व्या अनुच्छेदातच आहे.

हे सारे आमच्या आबांना वाचून दाखविले, तेव्हा ते म्हणाले, “अरं, पण फौजदाराला हे सांगायचं कुणी?” प्रश्न खोटा नाही. न्यायालयालाही तो सुचला असावा, कारण हे नियम प्रत्येक ठाण्यात दर्शनी भागी लावावेत असे त्याच निकालात म्हटले आहे. पुढे २ डिसेंबर २०२० च्या निकालाने प्रत्येक ठाण्यात, कोठडीच्या बाहेरही, कॅमेरे बसविण्याचा आदेश झाला. चित्रण १८ महिने, निदान वर्षभर तरी जपायचे आहे. म्हणून मार बसला असेल तर मानवी हक्क आयोगाकडे वा न्यायालयाकडे तक्रार लवकर करावी आणि त्या दिवसाचे चित्रण मागवून घेण्याची विनंती त्याच अर्जात लिहावी.