दाताचं मूळ जाड होतं तेव्हा

तोंडओळख : लेखांक ११

गेल्या आठवड्यात आपण मुळाभोवतालच्या हाडापाशी थांबलो होतो. आज खुद्द मुळावर जायचं आहे, कारण ओपीजीच्या रिपोर्टवर अधूनमधून दिसणारा एक शब्द माणसाला उगाच घाबरवतो. तो म्हणजे हायपरसिमेंटोसिस. तारा लावायच्या म्हणून धुळ्याला किंवा जळगावला जाऊन ओपीजी, म्हणजे आख्ख्या जबड्याचा एक्स-रे काढायचा, अमळनेरला परतताना गाडीतच पाकीट उघडायचं आणि खाली इंग्रजीत लिहिलेला तो शब्द मोबाइलवर शोधायचा. मग घरात चर्चा सुरू. मुळाला गाठ आहे म्हणे. तार लागणारच नाही म्हणे. एखादे नाना किंवा अक्का ठासून सांगणार, आम्ही आधीच म्हणत होतो, या वयात कसल्या तारा!

गाठ नाही. आणि तारही बहुतेक वेळा लागते. आज बोलायचं आहे ते या ‘बहुतेक’बद्दल.

दाताचा जो भाग आपण घासतो त्यावर एनॅमल असतं. हिरडीच्या आत ते संपतं आणि मुळावर सिमेंटमचा थर सुरू होतो. फ्रेंकेल आणि राश्कोव या दोघांनी १८३५ मध्ये आणि स्वीडनच्या रेट्झियसने पुढच्याच वर्षी तो सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. दाताच्या मानेपाशी त्याची जाडी २० ते ५० मायक्रॉन, म्हणजे साधारण केसापेक्षाही कमी. मुळाच्या टोकाकडे ती १५० ते २०० मायक्रॉनपर्यंत जाते. त्यात रक्तवाहिनी नाही, नस नाही. दुखण्याचा प्रश्नच नाही, म्हणून तो जाड झाला तरी माणसाला पत्ता लागत नाही.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला असतो असा सर्वसाधारण समज आहे. तसं नाही, तो बाजेच्या सुंभावर टेकावं तसा तंतूंवर तोललेला असतो. या तंतूंचं एक टोक हाडात रुतलेलं आणि दुसरं सिमेंटममध्ये. दोन्हींच्या मधली फट मिलिमीटरच्या पाव भागाच्या आसपास. ही फट लक्षात ठेवा, पुढे सगळं तिच्यावरच येणार आहे.

तारेने दात सरकतो तो कसा? तार ज्या दिशेला दाब देते तिकडचं हाड विरघळतं, मागच्या बाजूला नवं हाड भरतं, आणि दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर चालतो. पण दाब तर हाडावरही पडतो आणि मुळावरही. मग हाडच का विरघळतं, मूळ का नाही? उत्तर सिमेंटममध्ये आहे. त्याच्या पृष्ठभागावर अजून कडक न झालेल्या ताज्या सिमेंटमचा पातळ पापुद्रा असतो आणि हाड खाणाऱ्या पेशी त्याला सहजी चिकटत नाहीत. हा पापुद्रा नसता तर ऑर्थोडोन्टिक्स नावाची शाखाच उभी राहिली नसती. तार ओढली असती आणि हाडाऐवजी मूळच झिजत गेलं असतं. थोडंफार झिजतंही. तारेचा जोर जास्त झाला तर मुळावर खड्डे पडतात, टोक आखूड होतं. जोर काढला की सिमेंटम बनवणाऱ्या पेशी ते खड्डे बुजवू लागतात. १९३२ मध्ये श्वार्झ या ऑर्थोडोन्टिस्टने सांगितलं होतं की तारेचा दाब केशवाहिन्यांतल्या रक्तदाबापेक्षा जास्त नसावा, म्हणजे चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅम. ‘डॉक्टर, तार घट्ट करा, लवकर होऊ द्या’ म्हणणाऱ्यांसाठी हा आकडा मुद्दाम दिला.

आता जाडीकडे. सिमेंटम आयुष्यभर थोडंथोडं चढतच असतं. झांडर आणि हुर्झेलर यांनी १९५८ मध्ये वेगवेगळ्या वयाच्या माणसांचे दात मोजले, तेव्हा अकराव्या वर्षापासून सत्तरीपर्यंत जाडी जवळपास तिप्पट होते असं दिसलं. म्हणजे थोडी वाढ हा वयाचाच भाग. ती त्या हद्दीच्या बाहेर गेली आणि मुळाचं टोक गोल, फुगीर दिसू लागलं, की रिपोर्टवर तो शब्द येतो. तेरा-चौदा वर्षांच्या पोराच्या ओपीजीत तो क्वचितच दिसतो. तिशी-पस्तिशीनंतर तारा लावायला येणाऱ्यांत मात्र त्याचा विचार करावा लागतो.

याचं आपल्याकडे सहज सापडणारं एक कारण म्हणजे काढून टाकलेल्या दाढेची रिकामी जागा. खालची दाढ किडली, काढली, ‘एका दाढेने काय अडतं’ म्हणून तशीच सोडली. समोरच्या वरच्या दाढेला आता चावायला जोडीदार नाही. ती हळूहळू खाली उतरते आणि उतरताना मुळाच्या टोकाशी सिमेंटमची भर पडत जाते. दुसरं कारण म्हणजे मुळाच्या टोकाशी वर्षानुवर्षं धुमसणारी सूज. आणि अनेकदा काहीच कारण सापडत नाही. खालच्या दाढा किंवा उपदाढा जाड निघतात, बस्स.

झीज हेही एक कारण, आणि इथे मला थोडं रेंगाळायचं आहे. दगडी जात्यावर दळलेल्या पिठात दगडाची कच येते. ती भाकरी जन्मभर चावली की दाताचा माथा झिजतो, आणि दात आपली उंची राखण्यासाठी वर सरकतो, खाली सिमेंटम चढतं. असे जुने दात आपल्याकडे अभ्यासलेही गेले आहेत. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन माणसांच्या सांगाड्यांवर जॉन ल्यूकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी काम केलं, आणि दात हा त्या कामाचा मोठा भाग होता. तशाच काळाची वस्ती आपल्याकडे गिरणाकाठी बहाळला होती. समोरच्या टेकवाड्याला दफनंही सापडली. दात हा शरीराचा सगळ्यात टिकाऊ दस्तऐवज आहे. शिलालेखांवर आपण जेवढं बोलतो त्याच्या दहावा हिस्साही दातांवर बोलत नाही, ही माझी जुनी तक्रार.

रॉबर्ट कोरुचिनी हे अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ या विषयात दोन वेगळ्या वाटांनी भेटतात. बार्बाडोस बेटावर न्यूटन नावाचा उसाचा मळा होता. तिथे पुरलेल्या गुलामांचे दात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तपासले आणि १९८७ मध्ये प्रसिद्ध केलं, की कितीतरी जणांच्या मुळांवर सिमेंटमचे जाड थर होते. त्यांनी लावलेला अर्थ असा, की वर्षाचा मोठा काळ उपासमार आणि मधल्या काही महिन्यांत पोटभर अन्न, या हेलकाव्यांनी ते थर चढले असावेत. हेच कोरुचिनी त्याआधी १९८३ मध्ये भारतातल्या संशोधकांबरोबर चंडीगड परिसरात वेगळाच प्रश्न घेऊन बसले होते. खेड्यातल्या आणि शहरातल्या एकाच समाजाच्या तरुणांचे दात जुळतात कसे? शहरातल्यांचे जास्त वाकडेतिकडे निघाले. लहानपणी चावायला कठीण अन्न मिळालं नाही तर जबडा पुरता वाढत नाही आणि दातांना जागा कमी पडते, असं त्यांचं म्हणणं. सगळे तज्ज्ञ ते जसंच्या तसं मान्य करत नाहीत, आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहेच. पण दादरची आणि कळण्याची भाकरी जाऊन पाव-बिस्कीट आलेल्या घरांत बसून हे वाचताना मला ते अगदीच चूक वाटत नाही.

परत ओपीजीकडे. डॉक्टर पहिल्यांदा ती पाव मिलिमीटरची फट शोधतात. फुगलेल्या मुळाभोवती काळी बारीक रेघ अखंड दिसली, तर तंतू जिवंत आहेत आणि दात सरकू शकतो. रेघ तुटलेली असेल, मूळ आणि हाड एकजीव झालेलं असेल, तर तो ॲन्किलोसिस. तसा दात तारेला दाद देत नाही, उलट शेजारचे चांगले दातच त्याच्याकडे झुकतात. आरशाच्या दांडीने टकटक केल्यावर असा दात उंच, कडक आवाज देतो. एक्स-रे काढायच्या आधीच डॉक्टर दांडीने ठोकून पाहतात ते यासाठी. कधी शेजारच्या दोन दातांची मुळं सिमेंटमनेच जोडली गेलेली असतात, विशेषतः वरची दुसरी दाढ आणि अक्कलदाढ. तिथे तारेने एक दात वेगळा ओढता येत नाही.

खरी अडचण सरकवताना येत नाही, काढताना येते. दातांची गर्दी असेल तर जागा करण्यासाठी बहुधा पहिल्या उपदाढा काढतात. मूळ टोकाशी रुंद आणि बाहेर यायची वाट अरुंद, मग नेहमीसारखा चिमटा लावून ओढलं की टोक मोडून आत राहतं किंवा हाडाचा कपचा निघतो. अशा वेळी दात तुकडे करून, थोडं हाड कोरून काढावा लागतो. किंवा योजनाच बदलायची. पहिलीऐवजी दुसरी उपदाढ काढायची, किंवा काहीच न काढता दातांच्या कडा थोड्या घासून जागा करायची. म्हणूनच ऑर्थोडोन्टिस्टची चिठ्ठी घेऊन दात काढायला दुसऱ्याच दवाखान्यात जाणार असाल, तर एक्स-रे सोबत न्या. नुसत्या चिठ्ठीवर ‘वरच्या दोन, खालच्या दोन’ एवढंच लिहिलेलं असतं. मूळ कसं आहे ते त्यावर नसतं.

दोन ठिकाणी मात्र तारेची घाई करू नये. खालच्या पहिल्या दाढेच्या मुळाला गोल पांढरा गोळा चिकटलेला दिसतो, भोवती काळं कडं आहे, दुखतंय किंवा जबडा फुगलाय, आणि माणूस तरुण आहे, तर तो सिमेंटोब्लास्टोमा असू शकतो. ही खरोखरची गाठ, बहुधा कर्करोगाची नसते, पण ती काढावीच लागते. दुसरं म्हणजे चाळिशीनंतर एकाच वेळी अनेक दातांची मुळं जाड दिसणं. पॅजेट नावाच्या हाडांच्या आजारात तसं होतं. तो आपल्याकडे विरळा, पण रक्तातल्या अल्कलाइन फॉस्फटेजची तपासणी साधी आहे. ॲक्रोमेगालीतही होतं. अंगठी घट्ट झालेली, चपलेचा नंबर वाढलेला, खालचा जबडा पुढे आलेला, दातांत नव्याने फटी पडलेल्या. असा माणूस फटी बुजवायला तारा मागतो, पण त्याला आधी फिजिशियनकडे पाठवायला हवं.

बाकी एकट्यादुकट्या जाड मुळाला कसलाही उपचार लागत नाही. दात जिवंत असतो, रूट कॅनाल करायचं कारण नसतं. तसा सल्ला कुणी केवळ त्या एका शब्दावरून दिला, तर दुसरं मत घ्यावं. धुळ्याच्या ए.सी.पी.एम. दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी ऑर्थोडोन्टिस्ट आणि शस्त्रक्रिया करणारे एकाच इमारतीत भेटतात, आणि या विषयात दोघांनी एकत्र बसून एकच एक्स-रे पाहणं फार उपयोगी पडतं.

पुढच्या आठवड्यात : तार निघाल्यावर मिळणारं रिटेनर, आणि ते डबीत ठेवून विसरल्यावर दात कुठे जातात.