शिंक्यावरील भाजी : जालना जिल्ह्यातील टांगती परसबाग

दूध, दही आणि लोणी मांजराच्या तावडीतून सुरक्षित राहावे म्हणून घराच्या आढ्याला शिंके बांधण्याची रीत मराठी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. फडताळे आली, पुढे फ्रिज आले आणि शिंके बहुतेक घरांतून दिसेनासे झाले. टांगत्या टोपलीत भाजीपाला लावण्याची जी पद्धत अलीकडे शहरांतील सज्जांमधून रूढ होत आहे, ती मुळात या शिंक्याचीच पद्धत होय. लोण्याच्या गाडग्याऐवजी मातीची टोपली, एवढाच काय तो फरक. (मुंबईच्या मलबार टेकडीवर १८८१ साली तयार झालेल्या ‘हँगिंग गार्डन’मध्ये मात्र टांगलेले असे काहीच नाही. ती बाग पाण्याच्या टाक्यांच्या छतावर वसलेली आहे.)

१ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांतील तालुके मिळून जालना जिल्हा अस्तित्वात आला. बियाण्यांच्या उद्योगासाठी आणि मोसंबीसाठी हा जिल्हा सर्वदूर परिचित आहे. येथील मोसंबीस २०१६ साली भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. परंतु वर्षाकाठी सहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा, ही जिल्ह्याची कायमची अडचण आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या उभ्या बागा वाळल्या आणि गावोगावी टँकरने पाणी पुरवावे लागले. अशा वर्षी ताटातून सर्वप्रथम नाहीशी होते ती हिरवी भाजी. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालील सुमारे ६९ टक्के बालके रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. तथापि आहारातील लोह व फोलिक आम्ल यांची उणीव हे त्यांतील एक प्रमुख कारण आहे आणि पालेभाज्यांतून ही द्रव्ये मिळतात.

परसबागेचा सल्ला आजवर पुष्कळांनी दिला आहे. गावठाणातील दाट वस्तीत मात्र अनेक घरांना परसच नसते. असले तरी शेळ्या आणि कोंबड्या रोपाला दुसरे पान फुटू देत नाहीत. टांगत्या टोपलीचा खरा उपयोग या ठिकाणी आहे.

टोपलीची बांधणी

एक फूट व्यासाची बांबूची टोपली, दुरडी किंवा तळाला भोके पाडलेला तेलाचा डबा यांपैकी काहीही चालते. टोपलीस आतून गोणपाटाचे अस्तर द्यावे. जिल्ह्यातील काळी भारी माती नुसती भरू नये. ओली असता ती पाणी धरून ठेवते, मुळे कुजवते. वाळली की आवळते, भेगाळते आणि घातलेले पाणी कडेने निसटून जाते. शिवाय तिचे वजन फार. एक भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा असे मिश्रण करून त्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. पाणी प्यालेली अशी टोपली दहा-बारा किलो भरते. म्हणून ती लाकडी तुळईला किंवा भिंतीत पक्क्या बसवलेल्या कडीलाच टांगावी. मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर किंवा विजेच्या तारेजवळ ती कदापि असू नये. पत्र्याच्या छताला अगदी लागूनही टांगू नये, कारण वैशाखात तापलेला पत्रा वरूनच रोप भाजून काढतो.

पाण्याचा हिशेब

टांगत्या टोपलीने पाण्याची बचत होते, असे सरसकट सांगितले जाते. ते बरोबर नाही. जमिनीतील वाफ्याला वारा फक्त वरून लागतो, तर टोपलीला तो चोहोबाजूंनी लागतो. त्यामुळे टोपली लवकर सुकते. उन्हाळ्यात एका टोपलीस रोज एक ते दीड लिटर पाणी द्यावे लागते, हिवाळ्यात अर्धा लिटरही पुरते. तिची जमेची बाजू निराळी आहे. ती सावलीत हलवता येते आणि घरात एकदा वापरलेल्या पाण्यावर जगते. तांदूळ, डाळी व भाज्या धुतलेले पाणी दहा टोपल्यांच्या कामी येऊ शकते. साबणाचे पाणी मात्र वर्ज्य समजावे.

यासाठी एक युक्ती करता येते. संक्रांतीच्या वाणाची सुगडी सण सरल्यावर तशीच पडून असतात. त्यांतील एक सुगडे टोपलीच्या मध्यभागी गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे. झिलई नसलेल्या भाजलेल्या मातीच्या भांड्यातून पाणी पाझरत राहते आणि मुळांना ओल मिळते. सुगड्यावर झाकण हवेच. टोपलीखाली ताटली ठेवली असल्यास तीही आठवड्यातून एकदा रिकामी करून कोरडी करावी, अन्यथा भाजीबरोबर डेंग्यूचे डासही पोसले जातील.

काय लावावे

मेथी रात्रभर भिजवून पेरली की तीन-चार दिवसांत उगवते आणि महिनाभरात खुडण्यास येते. धने रगडून त्यांच्या दोन डाळी करून पेरावेत. उन्हाळ्यात कोथिंबीर लवकर फुलावर येते, म्हणून ती मृगापासून फाल्गुनापर्यंतच घ्यावी. बाजारातून आणलेल्या पुदिन्याच्या काड्या खोवल्या तरी रुजतात. मायाळू आणि घोळ यांच्या फांद्या टोपलीबाहेर लोंबतात, म्हणून त्या या पद्धतीस विशेष अनुकूल आहेत. त्यांतही घोळ थोडी हेळसांड सहन करते. शेतात तण म्हणून उपटली जाणारी ही भाजी टोपलीत सन्मानाने लावण्याजोगी आहे. एका टोपलीत मिरचीची दोन रोपे किंवा लहान फळांच्या टोमॅटोचे एक रोप ठेवावे. औषधी वनस्पतींत पानओवा आणि तुळस उत्तम.

फळांविषयी फारशी अपेक्षा बाळगू नये. चित्रांतील टोपल्यांमधून लोंबणारी स्ट्रॉबेरी महाबळेश्वरच्या हवेची. जालन्यात ती हिवाळ्यात जेमतेम तग धरील. मोसंबीची जागा जमिनीतच.

शाळांतील स्थिती

प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेत प्राथमिक शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्यासाठी रोज ५० ग्रॅम भाजी धरली आहे. साठ मुलांच्या शाळेला म्हणजे दररोज तीन किलो भाजी लागते. एक फूट व्यासाच्या चौदा टोपल्या एकत्र केल्या, तर जेमतेम एक चौरस मीटरचा वाफा होतो! तेव्हा वीस टोपल्या टांगून शाळा भाजीत स्वयंपूर्ण झाली, असा अहवाल कोणी पाठवू नये. जेथे जमीन आहे तेथे हात धुण्याच्या पाण्यावर वाफेच करावेत. जेथे केवळ ओसरी आहे तेथे टोपल्यांतून खिचडीवर घालण्याची कोथिंबीर, पुदिन्याची चटणी आणि अधूनमधून मूठभर पाला मिळेल. बी कसे उगवते हे मुलांना रोज डोळ्यांसमोर दिसेल, हा लाभही लहान नव्हे.

जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांचा प्रश्न यापेक्षा कठीण आहे. दिवाळीच्या सुमारास ही कुटुंबे बाहेर पडतात आणि कित्येक महिने परतत नाहीत. भाजी उत्तम येण्याचा काळ नेमका तोच, आणि घराला कुलूप. त्यांना टोपल्या वाटून उपयोग नाही. त्यांची जी मुले आजी-आजोबांकडे मागे राहतात, त्यांच्यापर्यंत शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या टोपल्यांचा पाला पोचू शकतो. तेवढ्यापुरती जबाबदारी ग्रामपंचायतीने एखाद्या बचत गटाकडे सोपवणे शक्य आहे.

उन्हाळ्याच्या सुटीत शाळेत पाणी घालणारे कोणी नसते. त्याआधीच टोपल्या उतरवून माती सावलीच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली झाकून ठेवावी. पुदिन्याची एखादी टोपली शिपायाने किंवा शेजारच्या घराने रांजणाजवळ जगवली, तर मृगाचा पाऊस पडताच काड्यांसाठी बाजारात जावे लागत नाही. जुन्या मातीत नवे शेणखत मिसळले की त्याच टोपल्या पुन्हा भरता येतात.