हक्काचे आणि खुशीचे

परदेशी निघालेल्या मुलीची बॅग भरणे हा ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील जैन घरांतला आता नित्याचा सोहळा झाला आहे. खाखरे, सुखडी, मुखवास, चौविहार सांभाळता यावा म्हणून सूर्यास्ताच्या वेळांचा तक्ता, नवकारवाळी आणि देवदर्शनासाठी छोटा फोटो, यांतले काहीही विसरले जात नाही. मात्र परक्या देशात केस कापून घेतल्यावर, भुवया कोरून घेतल्यावर किंवा हातांवर मेंदी काढून घेतल्यावर बिलाखेरीज काय द्यायचे असते, हे त्या बॅगेत कोणीच ठेवत नाही. गोष्ट लहान वाटते. परंतु पहिल्याच महिन्यात अवघडलेपण येते ते बहुधा याच कारणाने.

डोंबिवलीतील एका घरी घडलेला प्रसंग थोड्याफार फरकाने अनेक घरांत घडला असेल. मुलीच्या बाळंतपणासाठी आई न्यू जर्सीला गेली. एके दिवशी मायलेकी एडिसनच्या ओक ट्री रोडवरील पार्लरमध्ये गेल्या. तेथे दोरा धरणारी बाई मराठी बोलणारी, मूळची कल्याणची निघाली. गप्पा रंगल्या. काम झाल्यावर मुलीने बिलावर तीन डॉलर वेगळे ठेवले, तेव्हा आईने तिचा हात धरला.

‘‘अगं, आपल्याच गावची आहे ती. तिला टिप देऊन परकी का करतेस?’’

पार्लरवाल्या बाई हसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, ‘‘काकू, गावची आहे म्हणूनच सांगते. बिलातला निम्मा भाग दुकानाचा. माझ्या घरभाड्याचे पैसे या वरच्या डॉलरांतूनच उभे राहतात.’’

आई निरुत्तर झाली. तिने जे प्रेम मानले होते, त्याने समोरच्या बाईची मिळकत कापली जाणार होती.

अमेरिकेची रीत कशी घडली

अमेरिकेत ही चाल मुळात उपरी आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपची सफर करून आलेल्या श्रीमंतांनी ती आणली, तेव्हा अनेकांना ती सरंजामी आणि लाजिरवाणी वाटली. वॉशिंग्टन राज्याने 1909 मध्ये टिपविरोधी कायदाही केला आणि आणखी काही राज्यांनी तोच मार्ग धरला. परंतु 1926 पर्यंत हे सर्व कायदे मागे पडले. पुढे 1966 मधील दुरुस्तीने मालकाला नोकराच्या टिपचा काही भाग किमान वेतनात धरण्याची मुभा मिळाली. आज तेथील संघीय किमान वेतन ताशी 7.25 डॉलर आहे. परंतु ज्यांना नियमित टिप मिळते त्यांना मालकाने रोख द्यावयाची किमान रक्कम ताशी 2.13 डॉलर असून ती 1991 पासून बदललेली नाही. टिप धरूनही किमान वेतन भरले नाही तर उरलेली रक्कम मालकाने द्यायची असते. अनेक राज्यांनी आपला दर याहून वर ठेवला आहे, आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत तर ही सवलतच नाही. तरीही सवय देशभर एकच राहिली. सौंदर्यसेवेत काम करणाऱ्या पुष्कळ स्त्रिया टक्केवारीवर काम करतात किंवा दुकानातील खुर्ची भाड्याने घेतात. त्यांच्यासाठी टिप म्हणजे मिळकतीचा ठरलेला हिस्सा होय.

म्हणून तेथे केशकर्तन, फेशियल, वॅक्सिंग, नखांची निगा, मसाज अशा सेवांवर बिलाच्या 15 ते 20 टक्के देण्याची रीत आहे. साठ डॉलरच्या केशकर्तनावर वीस टक्के म्हणजे बारा डॉलर. रुपयांत हिशेब केला तर आकडा हजाराच्या घरात जातो आणि मन कचरते. परंतु तेथे राहताना तेथल्याच नाण्यात विचार करावा लागतो. भुवयांसारखे काम लहान असेल तर टक्केवारी न मोजता दोन-तीन डॉलर ठेवावेत. सवलतीचे कूपन वापरले असेल तर टिप मूळ किमतीवर मोजावी, कारण सवलत दुकानाने दिलेली असते आणि मेहनत मात्र पूर्ण झालेली असते. केस एकीने धुतले आणि दुसरीने कापले, तर दोघींचा विचार करावा. शक्य असेल तेथे रोख रक्कम थेट हातात द्यावी. 2018 पासून तेथील संघीय कायद्याने मालकाला नोकरांची टिप स्वतःकडे ठेवण्यास मनाई केली आहे.

एक भेद मात्र ध्यानात ठेवावा. त्वचारोगतज्ज्ञ, दंतवैद्य किंवा वैद्यकीय लेझर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिका यांना टिप देत नाहीत. वैद्यकीय सेवा आणि सौंदर्यसेवा एकाच छताखाली मिळत असतील, तर स्वागतकक्षात आधी विचारून घेण्यात कमीपणा नाही.

देश तसा वेश

हीच रीत सर्वत्र चालवली तर मात्र फसगत होते. जपानमध्ये टिप दिली तर घेणारा गोंधळतो आणि बहुधा नम्रपणे परत करतो. तेथे उत्तम काम करणे हे कामाचाच भाग मानले जाते. ऑस्ट्रेलियात वेतनमान वरचे असल्याने केशकर्तनानंतर टिपची अपेक्षा नसते. सिंगापूरमध्येही ती रूढ नाही. अँटवर्पमध्ये हिऱ्यांच्या व्यापारानिमित्त पालनपुरी कुटुंबे स्थिरावली आहेत. तेथे किमतीतच सेवेचा मोबदला धरलेला असतो आणि वर एक-दोन युरो ठेवणे ही निव्वळ खुशी असते. ब्रिटनमध्ये समाधान झाल्यास दहा टक्क्यांच्या आसपास देतात. तेथे 2023 मध्ये झालेला टिपवाटपाचा कायदा 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झाला असून, मालकाने टिपची पूर्ण रक्कम कोणतीही कपात न करता कामगारांना द्यावी असे बंधन घातले आहे.

जैन ग्राहकाची आणखी एक बाजू आहे. अनेक प्रसाधनांत कार्माइन हा किड्यांपासून केलेला लाल रंग असतो, लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून येते, वॅक्समध्ये मध किंवा मेणमाशीचे मेण असू शकते. व्रती स्त्री हे टाळते आणि साखरेचे वॅक्स किंवा दुसरे प्रसाधन मागते. समोरची बाई डब्यांवरील बारीक अक्षरे वाचते, वेगळे साहित्य काढते, वेळ देते. आपल्या व्रतासाठी दुसऱ्याने जास्तीचे कष्ट घेतले असतील, तर त्या कष्टांचे मोलही आपणच द्यावयास हवे.

आपल्याकडचे शब्द

मराठी मुलखाला ही कल्पना नवीन नाही. गावगाड्यात न्हावी हा बलुतेदार होता. सुगीला खळ्यावर मिळणारे बलुते हा त्याचा हक्क असे, त्याला कोणी दान म्हणत नसे. लग्नकार्यात मिळणारे वस्त्र, नारळ किंवा रोख मात्र खुशीचे. दिवाळीला मागितली जाणारी पोस्त या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभी असे. दोन्ही प्रकारांना भाषेनेच वेगळी नावे दिली, यात मोठे शहाणपण होते.

व्यापारी घराला तर हा भेद समजावून सांगण्याची गरजच नाही. बाजार समितीत माल उतरला की हमाली आणि तोलाई बिलात चढते. हमाली देताना कोणी पुण्य जोडल्याचे समाधान मानत नाही आणि ती बुडवणाऱ्याला कोणी काटकसरी म्हणत नाही. हमालांची मजुरी आणि सवलती मालकाच्या मर्जीवर राहू नयेत म्हणून महाराष्ट्राने 1969 मध्ये माथाडी कायदा केला. अमेरिकेतील टिप ही अशीच, बिलात न छापलेली हमाली आहे. मालकाने पुरते वेतन देऊन किंमत वाढवावी आणि ग्राहकाला या पेचातून सोडवावे, हा आक्षेप योग्यच आहे. तेथेही त्यावर वाद चालू आहे. परंतु त्या वादाचा निकाल लागेपर्यंत टिप न देणारा ग्राहक मालकाला धडा शिकवत नाही, तो केवळ कामगार स्त्रीचे नुकसान करतो.

शास्त्राची दृष्टीही येथे स्पष्ट आहे. तत्त्वार्थसूत्रात दानाची श्रेष्ठता विधी, द्रव्य, दाता आणि पात्र यांवर अवलंबून सांगितली आहे. म्हणजे किती दिले इतकेच कसे दिले हेही महत्त्वाचे. आणि अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध हे दोन येतात, म्हणजे झेपेल त्याहून जास्त भार लादणे आणि आश्रितांचे अन्नपाणी अडवणे. कष्ट करून घ्यायचे आणि मोबदला अडवायचा, ही वागणूक त्या अतिचारांच्या किती जवळ जाते हे ज्याने त्याने पाहावे. आधी देणे फेडावे, मग दान करावे.

घराकडे वळून

न्यू जर्सीहून परतल्यावर त्या आई नेहमीप्रमाणे डोंबिवलीतील आपल्या पार्लरमध्ये गेल्या. ओळीपूर्वी, पर्युषणानंतर, लग्नसराईत असे वर्षानुवर्षांचे ते जाणे होते. भुवयांच्या दरात दहा रुपये कमी करून घेण्याचा त्यांचा शिरस्ताही तितकाच जुना. त्या दिवशी त्यांनी दर केला नाही. दोरा धरणाऱ्या मुलीला मात्र विचारले, ‘‘तू कुठून येतेस गं?’’

‘‘टिटवाळ्याहून, काकू. सकाळची गाडी चुकली तर अर्ध्या दिवसाचा पगार जातो.’’

इतकी वर्षे ती मुलगी त्यांच्या भुवयांवर वाकून काम करत होती आणि हा प्रश्न कधी विचारला गेला नव्हता.

आपल्याकडे टिप ऐच्छिक आहे. उपाहारगृहांनी सेवाशुल्क आपोआप बिलात लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये सांगितले आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरले. सक्ती नाही हे चांगलेच आहे. परंतु ज्या मालकिणीशी घासाघीस होते तिच्या खिशाला बहुधा झळ लागत नाही, ती झिरपत त्या टिटवाळ्याच्या मुलीपर्यंत येते. लग्नाच्या मंडपावर लाखो रुपये खर्चणारे घर रात्री एक वाजेपर्यंत मेंदी काढणाऱ्या मुलींना साधे जेवण विचारायचे विसरते आणि वर हिशेबातले शंभर रुपये कापते. अशा घरातील मुलगी परदेशी गेली, तर तेथील टक्केवारी पाठ करूनही तिला त्यामागचा अर्थ उमगणे कठीण.

त्यामुळे मुलीची बॅग भरताना तिला आकडे जरूर सांगावेत. अमेरिकेत किती, ब्रिटनमध्ये किती आणि जपानमध्ये मुळीच नाही. पण त्याआधी तिने घरात काय पाहिले याकडे लक्ष द्यावे. ठरलेला दर पुरा द्यावा, वेळेवर द्यावा, चारचौघांत मोजून न दाखवता द्यावा, आणि नाव विचारून द्यावा. त्यानंतर खुशीने जे हाती ठेवले जाईल, त्याला टिप म्हणा की पोस्त, घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही.

त्या आईंनी त्या दिवशी बिलाखेरीज पन्नास रुपये दिले. मुलीने आधी घेतले नाहीत. ‘‘कशासाठी, काकू?’’ असे तिने विचारले. उत्तर द्यायला त्यांना क्षणभर वेळ लागला.

‘‘मागची बाकी आहे,’’ त्या म्हणाल्या.