कवटीआडचा रक्तप्रवाह

एखाद्याची वाचा अकस्मात बसली, तोंड वाकडे झाले, हातातला तांब्या गळून पडला की 'अंगावरून वारं गेलं' असे म्हणण्याचा प्रघात कोल्हापूरच्या पंचक्रोशीत आहे. शब्द बोलका आहे, पण फसवा. वारे आले तसे निघून जाईल, अशी एक भोळी आशा त्यात दडलेली असते आणि त्या आशेवर पहिले मोलाचे तास मालिशवाल्याच्या दारात खर्ची पडतात. वस्तुतः अंगावरून काहीच गेलेले नसते. बहुसंख्य रुग्णांत रक्तवाहिनीत गुठळी अडकून मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटलेला असतो.

मेंदूचे वजन शरीराच्या अवघे २ टक्के. परंतु हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे १५ टक्के रक्त तो एकटा घेतो. निरोगी अवस्थेत मेंदूच्या दर १०० ग्रॅमना मिनिटाला ५० मिलिलिटरच्या आसपास रक्त मिळते. ते २० च्या खाली उतरले की पेशींचे काम थांबते, १० च्या खाली गेले की त्या थोड्याच अवधीत मरू लागतात. या दोन आकड्यांच्या मधला जो प्रदेश, मुका झालेला परंतु अद्याप जिवंत, तो वाचवण्यासाठीच सारी धडपड असते.

गुठळी विरघळवणारे औषध उपयोगी पडते, हे १९९५ साली अमेरिकेत सिद्ध झाले. तेव्हा त्याची मुदत तीन तासांची होती. २००८ च्या युरोपीय चाचणीनंतर ती साडेचार तासांवर आली. २०१५ पासून मोठी गुठळी नळीवाटे ओढून काढण्याच्या उपचारालाही भक्कम आधार मिळाला. मात्र मेंदूत रक्तस्राव झालेला नाही याची खात्री सीटी स्कॅनने आधी करून घ्यावी लागते, आणि स्कॅन हे अखेर एका क्षणाचे छायाचित्र होय. पुढच्या तासाभरात गुठळी विरघळली की नाही, की विरघळून पुन्हा धरली, हे ते छायाचित्र सांगत नाही. डॉक्टर रुग्णाला हात उचलावयास सांगतात, नाडी पाहतात, रक्तदाब मोजतात आणि कवटीच्या आत काय चालले असेल याचा अदमास बांधतात.

रक्तदाबाचेच पाहा. तो फार चढला तर रक्तस्रावाचे भय, फार उतरला तर त्या अर्धमेल्या प्रदेशाची उपासमार. निरोगी मेंदू आपल्या रक्तवाहिन्या आकसून वा सैलावून हा चढउतार सांभाळतो. आघात झालेल्या भागात ही शक्तीच क्षीण होते. गुठळी काढल्यानंतर वरचा रक्तदाब १२० च्या खाली आणण्याचा प्रयोग चीनमध्ये झाला. तो हितावह ठरण्याऐवजी रुग्णांचे अपंगत्व वाढवणारा ठरला, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांवरून दिसते. दंडावर मोजलेला दाब म्हणजे मेंदूला पोचलेले रक्त नव्हे, याचा याहून निराळा पुरावा कशाला हवा?

हा प्रवाह कवटी न उघडता ऐकण्याची सोय १९८२ साली नॉर्वेचे रून आस्लिड यांनी करून दिली. महामार्गावर भोंगा वाजवीत येणारी मोटार जवळून पुढे गेली की तिचा स्वर उतरतो. त्याच डॉप्लरच्या नियमाने, कानशिलाच्या पातळ हाडातून पाठवलेल्या ध्वनिलहरी धावत्या रक्तपेशींवरून परततात आणि त्यांचा वेग सांगतात. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही, रुग्णाला खाटेवरून हलवणेही नाही. कोल्हापूरला सोनोग्राफी परिचित आहे ती दुसऱ्याच कारणाने: गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी यंत्रांवर पाळत ठेवणारा 'सायलेंट ऑब्झर्व्हर' याच जिल्ह्याने बसवला आणि २०११ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. ज्या ध्वनिलहरींवर पहारा बसवावा लागला, त्याच इथे प्राणरक्षणाच्या कामी येऊ शकतात.

तथापि या यंत्राच्या मर्यादा झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ते रक्ताचा वेग सांगते, परिमाण नव्हे. दहांतील एकदोघांचे, आणि वृद्ध स्त्रियांत त्याहून अधिक जणींचे, हाड इतके जाड असते की ध्वनी आत शिरतच नाही. प्रकाशकिरणांनी मेंदूतील प्राणवायू मोजणारी साधने निघाली आहेत, पण त्यांची नजर पृष्ठभागापलीकडे फारशी जात नाही. २००४ साली १२६ रुग्णांच्या चाचणीत औषधाबरोबर दोन तास सतत डॉप्लर लावला, तेव्हा वाहिनी पूर्ण मोकळी होण्याचे किंवा रुग्ण झपाट्याने सुधारण्याचे प्रमाण ३० वरून ४९ टक्क्यांवर गेले. ध्वनीच गुठळी फोडतो, अशी आशा त्यातून पालवली. पुढे तज्ज्ञाच्या हाताविना चालणारे शिरस्त्राण करून मोठी चाचणी घेतली. २०१९ साली तिचा निकाल लागला आणि रुग्णांना लाभ काही दिसला नाही. तेव्हा या यंत्राला औषध समजू नये. ते कान आहे, आणि कानामागे जाणता माणूस लागतो.

कोल्हापूरच्या दृष्टीने खरी अडचण नेमकी येथेच आहे. चंदगड शंभराहून अधिक किलोमीटर दूर, म्हणून तिथला माणूस बेळगावकडे धावतो. गगनबावडा, शाहूवाडी, भुदरगडच्या वाड्यावस्त्यांना मात्र सीपीआरचाच आधार. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली, तिने वाट थोडी सुकर केली. पण औषध सुरू झाल्यावर वाहिनी उघडली की नाही हे तासाभरात कळले, तरच रुग्णाला गुठळी काढण्यासाठी पुढे धाडायचे की इथेच ठेवायचे, हा निर्णय वेळेत होतो. यंत्रखरेदीसाठी निधी मागणे सोपे, उद्घाटनाची फीतही कापता येते. कानशिलावर नेमक्या कोनात ते धरून मध्यरात्री दोन वाजता कान देऊन बसणाऱ्या तंत्रज्ञाच्या पदासाठी मात्र कोणी शिष्टमंडळ नेत नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय शहरात आहे. परिचारिकांना आणि तंत्रज्ञांना हे काम तेथे शिकवता येईल आणि रात्रपाळीसह त्यांची पदे मंजूर करून घेता येतील. यंत्राची मागणी त्यानंतर करावी.