मनगटाला विसावा

आपल्या सेवाग्रामला १९३६ साली राहायला आलेल्या गांधीजींनी त्यापूर्वी, १९०९ मध्ये, बोटीवर दहा दिवसांत ‘हिंद स्वराज्य’ लिहिले. उजवा हात थकला, तशी चाळीसेक पाने त्यांनी डाव्या हाताने लिहिली!

आज गुरुजींचा हात लेखणीपेक्षा संगणकाच्या माऊसवर दमतो. तळवा पालथा, मनगट वाकडे, नि तेच बोट तासन्‌तास चालते. स्नायूंना उसंत म्हणून नाही. उभ्या घडणीचा माऊस घेतला, तर हात पाण्याचा पेला धरावा तसा राहतो, पीळ कमी पडतो.

पण नुसता माऊस बदलून भागत नाही. अधूनमधून हात बदला, थोडे थांबा. बोटांना मुंग्या येऊ लागल्या, तर दुखणे अंगावर काढू नका; डॉक्टरांना दाखवा.