कुल्लूचा डिंक

मे महिन्यात बैहरच्या जंगलात कुल्लूचं झाड ओळखायला जाणकार लागत नाही. पानं झडलेली असतात, आणि पांढरं, तुकतुकीत खोड लांबूनच डोळ्यांत भरतं. आपल्याकडे याला कांडोळ म्हणतात. सालीला घाव बसला की डिंक लगेच पाझरतो. पहिल्या दिवशी सर्वात जास्त, मग ओघ मंदावतो. हवेवर तो घट्ट होतो आणि काही दिवसांनी काढून घेता येतो. पावसाआधीच्या कडक उन्हातला माल सर्वात उत्तम.

सगळं कसब घावात आहे. मी ज्यांच्यासोबत होतो त्या गोंड दादांनी कुऱ्हाड आणलीच नव्हती. धारदार विळ्याने त्यांनी साल तेवढी तासली, आतल्या लाकडाला धक्का लागू दिला नाही. कुऱ्हाडीच्या खोल घावाने डिंक भरपूर येतो, पण जखम भरत नाही. कीड, बुरशी शिरते आणि झाड वाळतं. अशी झाडं मरत गेली, म्हणूनच काही राज्यांत ही काढणी बंद करावी लागली.

अंगणात बायका खड्यांना चिकटलेली साल नखाने सोडवत होत्या. पांढरा डिंक वेगळा, तांबूस वेगळा; भाव रंगावर आणि कचऱ्यावर ठरतो. एक खडा मी पेल्यात भिजत घातला. धावड्याचा डिंक पाण्यात बराचसा विरघळतो. कुल्लूचा मात्र पाणी पिऊन फुगत जातो. काही तासांत पेल्यात लिबलिबीत गोळा होता आणि त्याला आंबूस वास येत होता. हा वास अ‍ॅसिटिक आम्लाचा. डिंकातल्या शर्करांच्या लांब साखळ्यांना जोडलेले अ‍ॅसिटाइल गट दमट हवेत सुटतात, तेव्हा तो येतो.

समुद्रशेवाळातून निघणारे अगर आणि अल्जिनेटही अशाच साखळ्यांचे. समुद्रापासून इतक्या दूर ते काम झाड करतं. बाजारात ‘कराया’ नावाने जाणारा हा डिंक खाद्यपदार्थांत ई ४१६ म्हणून दाटपणा आणतो, बद्धकोष्ठावरच्या औषधात पडतो, कवळी हिरड्यांना धरून ठेवतो आणि पोटावर शौचाची पिशवी बसवताना त्वचेशी चिकटतो.

पण दमटपणात किंवा फार आधी दळून ठेवला तर त्याचा चिकटपणा उतरतो. म्हणून तो खड्यांच्या रूपातच, कोरडा जपावा लागतो. कारखान्याची चाळणी कचरा काढेल. उतरलेला चिकटपणा किंवा वाळलेलं झाड तिला परत आणता येत नाही. ते जपायचं काम विळा धरणाऱ्याचं आणि अंगणात डिंक वाळवणाऱ्यांचंच.