शनिवारसिद्धी बिज्जळ

सोलापूरच्या स्टँडवर मंगळवेढ्याची एसटी धरली की मी शेजारच्याला बिज्जळाची गोष्ट सांगायला लागतो. आजवर दोघांनी उठून जागा बदलली आहे. वीसेक वर्षांचं वेड आहे, आता सुटायचं नाही. मंगळवेढ्यात एकदा चहाच्या टपरीवर विचारलं, "इथं बिज्जळ राजाचं काही बघायला आहे का हो?" टपरीवाला कप विसळत म्हणाला, "दामाजीपंतांचं देऊळ दाखवतो की. पावणं, ह्यो बिज्जळ कुठल्या गावचा म्हणायचा?" तुमच्याच, असं सांगितलं तर हसला.

पार्श्वभूमी एका दमात उरकतो. बाराव्या शतकात कल्याणीला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, चालुक्यांची गादी. मंगळवेढ्याचे कलचुरी त्यांचे मांडलिक. पेर्माडीचा मुलगा बिज्जळ ११३०च्या सुमारास कारभारात आला, चालुक्य दुबळे होत गेले, आणि ११६२मध्ये त्यानं कल्याणीच घेतली. झालं.

आता माझ्या आवडीचं. बिज्जळाचं बंड मला लढायांपेक्षा त्याच्या बिरुदांत जास्त दिसतं. आधी तो साधा महामंडलेश्वर. ११५७च्या आसपास स्वतःची राज्यवर्षं मोजू लागतो, 'भुजबल चक्रवर्ती' म्हणवतो, पण मांडलिकपणाची पदवी लगेच टाकत नाही. पाटलाच्या ओसरीवर बसून सातबारा हळूच आपल्या नावावर करून घ्यावा, तसला प्रकार! शिवाय तो 'गिरिदुर्गमल्ल', तो 'निःशंकमल्ल' आणि तो 'शनिवारसिद्धी', म्हणजे शनिवारी ज्याला यश येतं असा. आपण शनिवारी नवं काम काढत नाही, आणि हा गृहस्थ तोच वार छातीवर मिरवतो. पुढे होयसळांनीही हे बिरुद उचललं.

बिज्जळाचा धनी म्हणजे चालुक्य राजा तिसरा तैलप. काकतीय प्रोलानं त्याला लढाईत धरलं आणि सोडून दिलं, तेव्हाच अब्रू गेली होती. प्रोलाच्या मुलाचा, रुद्राचा, ११६३चा हनमकोंड्याचा लेख तर सांगतो की तैलप रुद्राच्या धास्तीनं अतिसार होऊन मेला. शत्रूला हगवण लावून मारणारा असा दुसरा दरबारी लेख माझ्या वाचनात नाही.

  

बिज्जळाचा खरा प्रतिस्पर्धी मात्र त्याच्याच खजिन्यावर बसला होता: बसवेश्वर. मंगळवेढ्यात नोकरीला लागलेला हा माणूस कल्याणीत भांडारी झाला आणि त्याच्याभोवती शरणांचा, म्हणजे शिवभक्तांचा, मेळा जमला. आपले सोन्नलिगेचे, म्हणजे सोलापूरचे, सिद्धरामेश्वरही त्यात गेले. चांभार शरण हरळय्याच्या मुलाचं लग्न ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीशी लागलं, राजानं दोघा बापांना क्रूर शिक्षा दिली आणि कल्याणी पेटली, अशी शरणांची परंपरा आहे. गिरीश कर्नाडांचं 'तलेदंड' हे नाटक याच प्रसंगावर.

बिज्जळ मेला कसा? शरण सांगतात, जगदेव नावाच्या शरणानं मारलं. जैन 'बिज्जळरायचरिते' सांगतं की कोल्हापूरच्या शिलाहारांवरच्या स्वारीवरून परतताना भीमेकाठी तळ होता, तिथं बसवानं पाठवलेल्या विषारी फळानं घात केला. शिलालेखांत खून नाहीच. ११६७मध्ये त्यानं मुलगा सोविदेवाला राज्य दिलं, एवढंच. मला शिलालेख पटतो. पुराणांना मारेकरी लागतो, दगडाला लागत नाही.

पुढे मुलगे एकामागून एक गादीवर बसले. ११८४च्या सुमारास चौथ्या सोमेश्वरानं, तैलपाच्या मुलानं, ब्रह्म सेनापतीच्या जोरावर कल्याणी परत घेतली, पण चालुक्यांनाही ती पचली नाही. पाचेक वर्षांत उत्तर भाग यादव भिल्लमाकडे गेला आणि दक्षिण होयसळांकडे.

संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराच्या, म्हणजे त्याच सिद्धरामाच्या, गड्डा यात्रेत मी नंदीध्वजांच्या काठ्या पाहायला जातो. त्या गर्दीतून वाट काढताना दर वर्षी आठवतं, बिज्जळाच्या निशाणावरही सोनेरी नंदीच होता. सिद्धरामाची काठी आजही निघते. बिज्जळाच्या नावाची गल्ली मात्र सोलापुरात माझ्या पाहण्यात नाही.